मागे काय उरते: हैदराबाद आणि परकीय भांडवल

एखाद्या राज्यात परकीय गुंतवणूक किती आली हा प्रश्न आज भारतात ज्या हिरिरीने विचारला जातो, त्या हिरिरीने ती गुंतवणूक निघून गेल्यावर किंवा जुनी झाल्यावर तिथे काय उरले हा प्रश्न कोणी विचारत नाही. आकड्यांची स्पर्धा करणे सोपे असते. उरलेल्या गोष्टींची मोजदाद करायला मात्र इतिहास, कारखान्यांची कागदपत्रे आणि कामगारांची हजेरी अशा तिन्ही ठिकाणी शोध घ्यावा लागतो. हैदराबाद हे शहर या शोधासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण परकीय भांडवलाचे जवळजवळ सगळे प्रकार गेल्या दीडशे वर्षांत तिथे येऊन गेले आहेत आणि त्यांतील काहींचे अंतिम फळ आज स्पष्ट दिसते. त्या अनुभवावरून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो: परकीय भांडवल ज्ञान आणि कौशल्य निर्माण करत नाही, ते जिथे आधीपासून असते तिथे येते, आणि त्याचा स्थानिक समाजाला लाभ किती होतो, हे येणाऱ्या रकमेपेक्षा घेणाऱ्याच्या सौदाशक्तीवर ठरते.

निजामाच्या राज्यात पहिले मोठे परकीय भांडवल आले ते रेल्वे आणि कोळसा यांच्या निमित्ताने. सिकंदराबाद ते वाडी हा मार्ग १८७४ साली सुरू झाला आणि १८८३ साली लंडनमध्ये निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी उभी राहिली. तिच्या नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रेल्वेला नफा होवो वा न होवो, गुंतवणूकदाराला ठरावीक व्याज देण्याची हमी राज्याच्या तिजोरीने घेतली होती. धोका रयतेचा आणि परतावा लंडनच्या भागधारकाचा, अशी ही रचना होती, आणि तिचे परिणाम मराठी वाचकाला अगदी जवळचे आहेत. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे अरुंद मीटरगेजमध्ये बांधली गेली, तर मनमाड-मुंबई मार्ग रुंद ब्रॉडगेजचा होता. मुंबईकडे जाणारा मराठवाड्याचा कापूस मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात येऊनही ही अडचण संपली नाही. ब्रॉडगेजच्या मागणीसाठी मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्या पिढीला आंदोलने करावी लागली आणि रुंदीकरणाचे काम १९९० च्या दशकात जाऊन मार्गी लागले. भांडवल उभारताना कोणाच्या तरी सोयीने घेतलेला निर्णय पुढील शंभर वर्षे एका प्रदेशाच्या बाजारपेठेचे स्वरूप ठरवतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण दख्खनमध्ये सापडणार नाही.

कोळशाची कहाणी याहून बोलकी आहे. भूवैज्ञानिक विल्यम किंग यांना १८७१ साली येल्लंदूजवळ कोळशाचा साठा आढळला आणि १८८६ साली हैदराबाद (डेक्कन) कंपनी या इंग्रजी कंपनीने खाणींचे हक्क मिळवले. खाणीतून फारसा कोळसा निघण्याआधीच त्या हक्कांचा लंडनच्या शेअरबाजारात पैसा झाला. कंपनीच्या प्रवर्तकांनी भागभांडवलाचा मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवला, आणि निजाम सरकारचे अधिकारी अब्दुल हक यांच्यामार्फत राज्याने त्याच कंपनीचे शेअर चढ्या भावाने विकत घेतले. म्हणजे राज्याने आपल्याच जमिनीखालची संपत्ती दुसऱ्याला देऊन तिचा काही भाग पुन्हा पैसे मोजून घेतला. हे प्रकरण इतके गाजले की १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली. या कंपनीचे १९२० साली सिंगरेणी कॉलिअरीज झाले आणि १९४५ साली हैदराबाद राज्याने तिचे बहुसंख्य शेअर घेतले. आज तिची मालकी तेलंगण सरकारकडे ५१ टक्के आणि केंद्राकडे ४९ टक्के आहे. रेल्वेही १९३० साली राज्याने आपल्या ताब्यात घेतली होती. निजामाच्या राजवटीचे गुणगान करण्याचे कारण नाही, परंतु भांडवल आधी येऊ द्यायचे आणि सौदाशक्ती वाढली की मालकी परत घ्यायची, एवढी दूरदृष्टी त्या राज्याच्या अर्थखात्याने दाखवली होती, हे मान्य करावे लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात हैदराबादला जे मिळाले ते परकीय भांडवल नव्हते. ते मुख्यतः केंद्र सरकारचे भांडवल आणि परकीय तंत्रज्ञान होते. भेल, इसीआयएल, भारत डायनॅमिक्स, मिश्र धातू निगम, संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था, पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र असा सार्वजनिक संस्थांचा जो गोतावळा १९५० ते १९८० च्या दरम्यान या शहरात जमला, त्याला त्या वेळी ‘तोट्याचा कारभार’ म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. यांतील सर्वांत निर्णायक संस्था ठरली ती सोव्हिएत साह्याने उभारलेली इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड, म्हणजेच आयडीपीएल. ही कंपनी पुढे आजारी पडली आणि १९९२ साली तसे जाहीरही झाले, पण तोपर्यंत तिच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर औषधनिर्मिती कशी करायची हे शिकलेली रसायनशास्त्रज्ञांची एक पिढी बाहेर पडली होती. के. अंजी रेड्डी त्यांपैकी एक; त्यांनी १९८४ साली डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज स्थापन केली, आणि २००१ साली ती न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नोंदली गेली.

या घडामोडीत १९७० च्या पेटंट कायद्याचा वाटा मोठा आहे. त्या कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट न देता तो बनवण्याच्या पद्धतीला दिले, त्यामुळे तोच रेणू वेगळ्या मार्गाने बनवण्याची मुभा भारतीय रसायनशास्त्रज्ञांना मिळाली. बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांना हे रुचले नाही. तरीही आज त्याच कंपन्या हैदराबादेत येतात, आणि येतात त्या तेथील कौशल्यासाठी. हे कौशल्य त्यांना नाराज करणाऱ्या कायद्याच्या छत्राखाली वाढले होते. परकीय गुंतवणूक हवी असेल तर गुंतवणूकदाराची प्रत्येक अट मान्य करावी लागते, असे जे सांगितले जाते त्याला हैदराबादचा औषधउद्योग हे सरळ उत्तर आहे.

परकीय पैसा मुळातच घातक असतो असे मानणाऱ्यांनाही याच शहरातील शांता बायोटेक्निक्सचा इतिहास विचारात घ्यावा लागेल. के. आय. वरप्रसाद रेड्डी यांनी १९९३ साली ही कंपनी काढली, तेव्हा जनुकीय तंत्राने हेपटायटिस-बीची लस भारतात बनवता येईल यावर विश्वास ठेवून कर्ज देणारा सहजी मिळत नव्हता. पैसा आला तो ओमानमधून, त्या देशाचे परराष्ट्रमंत्री युसूफ बिन अलावी यांच्याकडून. आणि संशोधनाला जागा मिळाली ती उस्मानिया विद्यापीठ व पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र या सार्वजनिक संस्थांत. १९९७ साली बाजारात आलेल्या या लसीने आयात लशीची किंमत कोसळवली. परकीय भांडवलाचे हे सर्वोत्तम रूप होय: धोका पत्करणारे, धीर धरणारे आणि स्थानिक ज्ञानाच्या मागे उभे राहणारे. पुढे २००६ साली फ्रान्सच्या मेरिय गटाने कंपनीतील मोठा हिस्सा घेतला, आणि २००९ साली तो हिस्सा धारण करणारी फ्रान्समधील कंपनी सनोफीने विकत घेतली. व्यवहार फ्रान्समध्ये, विकणारा फ्रेंच, घेणारा फ्रेंच, आणि मालकी बदलली ती हैदराबादजवळच्या कारखान्याची. भारतीय आयकर खात्याने या व्यवहारावर कर मागितला, परंतु भारत-फ्रान्स कर-करारानुसार तो अधिकार फ्रान्सचा आहे, असा निकाल आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. निकाल करारातील शब्दांना धरून होता. प्रश्न असा करार करणाऱ्या धोरणाचा आहे.

येथे ‘थेट परकीय गुंतवणूक’ या संज्ञेचा नेमका अर्थ पाहणे आवश्यक आहे. शेअरबाजारात अल्पकाळासाठी येणाऱ्या पैशाहून वेगळा असा, कंपनीच्या कारभारात दीर्घकाळ वाटा घेणारा पैसा म्हणजे थेट गुंतवणूक, आणि तिच्यासाठी किमान १० टक्के भागीदारीचा निकष जगभर वापरला जातो. या व्याख्येत नवा कारखाना बांधणारा पैसा आणि चालू कारखाना विकत घेणारा पैसा यांत भेद नाही. ओमानच्या पैशाने एक नवी लस निर्माण झाली, तर २००९ च्या व्यवहारात जुन्या लसउद्योगाचा धनी बदलला. अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने या दोन घटना दोन टोकांच्या आहेत.

गुंतवणुकीच्या आकड्यातील त्रुटी उलट दिशेनेही दिसते. सायबर टॉवर्स ही हायटेक सिटी या माहिती-तंत्रज्ञान परिसरातील पहिली इमारत १९९८ साली उघडली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले विकासकेंद्र हैदराबादेत सुरू केले. अशा केंद्राला लागणारे भांडवल एखाद्या पोलाद कारखान्याच्या तुलनेत नगण्य असते: भाड्याची जागा, संगणक आणि पगार. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत शहराचे अर्थकारण पालटले ते याच केंद्रांमुळे. परदेशी कंपनीचे स्वतःचे अंतर्गत काम, म्हणजे हिशेब, सॉफ्टवेअर, संशोधन, विश्लेषण, भारतातून करून देणाऱ्या या उपकंपन्यांना आता ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर म्हणतात. उद्योगसंघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात अशी १७०० हून अधिक केंद्रे असून त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात, आणि हैदराबाद हे बंगळुरूनंतरचे त्यांचे मोठे ठिकाण आहे.

या केंद्रांचे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय हैदराबादच्या भवितव्याविषयी काही बोलता येणार नाही. बहुतेक केंद्रे मूळ कंपनीला ‘खर्च अधिक ठरावीक टक्के’ या पद्धतीने बिल लावतात. शंभर रुपये खर्च झाले तर त्यावर ठरलेला नफा मिळवून रक्कम घेतली जाते, आणि त्या नफ्यावर भारतात कर भरला जातो. परंतु हैदराबादच्या गचिबोवलीत बसून एखाद्या अभियंत्याने लिहिलेल्या प्रणालीतून पुढे अब्जावधी डॉलर मिळाले, तरी त्या प्रणालीची बौद्धिक मालकी मूळ कंपनीकडे असल्यामुळे ते उत्पन्न तिकडेच जमा होते. हैदराबादला मिळतात पगार, त्यावरचा प्राप्तिकर, घरभाडे आणि त्या पगारांच्या खर्चावर चालणारी बाजारपेठ. हे थोडे नाही. लाखो कुटुंबांचे जीवनमान त्याने उंचावले आहे आणि लातूर-नांदेडकडची कितीतरी मुलेमुली त्यासाठी हैदराबाद गाठतात. पण यात आयडीपीएलसारखे बीज आहे का, म्हणजे या केंद्रांतून बाहेर पडून स्वतःच्या मालकीचे उत्पादन घडवणारी पिढी निघते आहे का, हा खरा प्रश्न आहे. काही निघाले आहेत, मात्र औषधउद्योगात जे तीस वर्षांत घडले त्याच्या तोडीचे काही अद्याप घडलेले नाही. त्या उद्योगामागे कारखान्यात शिकवणारी सार्वजनिक कंपनी होती आणि अनुकूल कायदाही होता. सॉफ्टवेअरच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही.

याउलट हैदराबादजवळच्या आदिबटलाचे विमानउद्योग संकुल आशादायक आहे. टाटा आणि बोइंग यांचा तेथील संयुक्त कारखाना अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे बनवतो, आणि तो हैदराबादलाच का आला याचे उत्तर क्षेपणास्त्रे, विशेष मिश्रधातू आणि अचूक यंत्रकाम यांत दशकानुदशके काम केलेल्या सरकारी संस्थांत व त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत आहे. कधीकाळी तोट्याचा म्हटलेला कारभार येथे भांडवल ठरला आहे.

आता देशपातळीवर पाहिले तर २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे ८१ अब्ज डॉलर एवढी एकूण थेट गुंतवणूक आली. त्याच वर्षी परकीय कंपन्यांनी परत नेलेली रक्कम आणि भारतीय कंपन्यांनी परदेशात केलेली गुंतवणूक वजा केली, तर रिझर्व्ह बँकेच्या सुरुवातीच्या हिशेबाने निव्वळ गुंतवणूक उरली जेमतेम ३५ कोटी डॉलर. परत जाणारा पैसा हा काही अपशकुन नव्हे. २०२४ साली ह्युंदाईने आपल्या भारतीय उपकंपनीचे काही शेअर येथील बाजारात विकले, तो व्यवहार म्हणजे दीर्घ गुंतवणुकीचा रास्त मोबदला होता. पण देशाच्या वाढीसाठी परकीय भांडवलाचा ओघ पुरेल, या समजुतीला या आकड्यानंतर आधार उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे जागतिक आर्थिक मंचाच्या परिषदेत तेलंगणने सुमारे १.७८ लाख कोटी रुपयांचे, तर महाराष्ट्राने सुमारे १५.७ लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार जाहीर केले. तेलंगणात वर्षाला केवळ भागभांडवलाच्या रूपाने, म्हणजे पुनर्गुंतवलेला नफा वगळून, येणारी थेट परकीय गुंतवणूक तीन अब्ज डॉलरच्या, म्हणजे सुमारे २५ हजार कोटी रुपयांच्या आसपास असते, आणि २०२४-२५ मध्ये सबंध देशातली ही रक्कम साधारण सव्वाचार लाख कोटी रुपये होती. म्हणजे एका राज्याने एका आठवड्यात जाहीर केलेले करार देशाच्या वर्षभराच्या अशा गुंतवणुकीच्या साडेतीनपटींहून अधिक होतात. त्यांतील बरेच करार मुळात भारतीय उद्योगसमूहांशी झालेले होते, आणि त्यांवर सह्या करायला स्वित्झर्लंडला जाण्याची काहीच गरज नव्हती. सामंजस्य करार हा कायद्याने बंधनकारक नसलेला इरादा असतो, आणि त्याला गुंतवणूक म्हणणे ही जनतेची दिशाभूल आहे.

अशा इराद्यांची किंमत जमिनीत मोजली जाते. अविभक्त आंध्र प्रदेश सरकारने २००५ च्या सुमारास फोक्सवागनचा कारखाना विशाखापट्टणमला येणार म्हणून एका मध्यस्थ कंपनीला अकरा कोटींहून अधिक रुपये दिले. कारखाना शेवटी पुण्याजवळ चाकणला झाला आणि आंध्रच्या वाट्याला सीबीआयची चौकशी आली. हैदराबादच्या कांचा गचिबोवली येथील ४०० एकर जमीन २००३ साली आयएमजी भारत या कंपनीला जागतिक दर्जाच्या क्रीडा सुविधा उभारण्यासाठी देण्यात आली, २००६ साली तो करार रद्द झाला आणि कज्जा २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात राज्याच्या बाजूने संपला. त्यानंतर राज्याने ती जमीन माहिती-तंत्रज्ञान संकुलासाठी मोकळी करायला घेतली, शेजारच्या हैदराबाद विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी झाडतोडीला विरोध केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन काम थांबवले. वीस वर्षे ती जमीन ना खेळाडूंच्या उपयोगी पडली ना उद्योगाच्या. जवळच्याच कोकापेटला २०२३ च्या लिलावात एकरी शंभर कोटींच्या वर भाव गेला, हे पाहिले म्हणजे जमीन ही राज्यासाठी उद्योगाचे साधन राहिली आहे की तूट भरून काढण्याचे, असा प्रश्न पडतो.

वाढीच्या वाटणीचे चित्रही असेच आहे. तेलंगणचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या पावणेदोनपटीहून अधिक आहे, ही निःसंशय मोठी कामगिरी होय. परंतु हायटेक सिटीचा परिसर ज्या रंगारेड्डी जिल्ह्यात येतो त्याचे दरडोई उत्पन्न विकाराबाद जिल्ह्याच्या सुमारे पाचपट आहे, आणि विकाराबादचा बहुतेक भाग २०१६ पर्यंत रंगारेड्डी जिल्ह्यातच होता. त्याच विकाराबादमधील लगचर्ला गावात नोव्हेंबर २०२४ मध्ये औषधउद्योगासाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध लोक उसळले आणि जिल्हाधिकाऱ्यांवरही हल्ला झाला. हिंसेचे समर्थन करता येत नाही, पण लोकांच्या भीतीला आधार होता. हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, २००७ साली जोकिम लार्सन आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण रुग्णाच्या रक्तात उपचाराच्या वेळी असते त्याहूनही अधिक आढळले होते. त्या भागातला नक्कावागू पुढे मांजरेला मिळतो. बीड जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी नंतर नांदेडच्या सीमेवरून गोदावरीत जाते. युरोप-अमेरिकेतील रुग्णाला स्वस्तात मिळणाऱ्या गोळीच्या किमतीत या नदीचा खर्च धरलेला नसतो. त्याच परिसरातील पाशमैलारमच्या औषधउद्योगाशी संबंधित एका कारखान्यात जून २०२५ मध्ये झालेल्या स्फोटात चाळीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, तोही खर्च त्या किमतीत नाही.

या पार्श्वभूमीवर राज्याने २०३४ पर्यंत एक हजार अब्ज डॉलरच्या अर्थव्यवस्थेचे लक्ष्य जाहीर केले आहे. २०२४-२५ मधील सुमारे १९० अब्ज डॉलरवरून तेथे पोहोचायचे तर डॉलरच्या हिशेबात दरवर्षी १८ टक्क्यांच्या आसपास वाढ दहा वर्षे टिकावी लागेल. चीनने २००२ ते २०१२ या काळात असा वेग गाठला, पण तेव्हा युआन डॉलरच्या तुलनेत वधारत होता. रुपयाची दिशा बहुतेक वर्षे उलटी राहिली आहे. लक्ष्य उंच असावे, परंतु ते गाठण्याचे साधन म्हणून करारांची बेरीज पुढे केली जात असेल तर ते लक्ष्य गाठता येणार नाही.

तेलंगणने २०१४ साली केलेला टीएस-आयपास कायदा मोठ्या प्रकल्पांना पंधरा दिवसांत आणि इतरांना तीस दिवसांत परवानगी देतो, मुदत टळली तर परवानगी मिळाली असे मानतो. इतक्या चोखपणे परवानगी देणाऱ्या शासनाला तितक्याच चोखपणे हिशेब देणे अवघड नसावे. कोणत्या करारापोटी किती एकर जमीन, किती वीज-पाणी, किती करसवलत दिली, पाच वर्षांनंतर किती पैसा प्रत्यक्ष आला, किती कामगार कायम झाले, किती सुटे भाग स्थानिक कारखान्यांतून घेतले गेले आणि सांडपाण्याचे काय झाले, असा तक्ता दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची सक्ती कायद्याने केली पाहिजे. दावोसहून पंधरा लाख कोटींचे करार घेऊन परतलेल्या महाराष्ट्र सरकारकडेही मुंबईच्या विधिमंडळाने येत्या अधिवेशनात हाच तक्ता मागावा, आणि तो मिळेपर्यंत मराठी वाचकाने दावोसच्या कोणत्याही आकड्याला गुंतवणूक म्हणू नये.